हाराला जागा

आई, तुझ्या फोटोबद्दलचा माझा संशय अजून फिटलेला नाही. नव्वदीतलं आपलं बनशंकरीचं स्वयंपाकघर, उत्तरेची खिडकी आणि माझा सेकंडहँड कॅमेरा. फोटोग्राफी मला कुणी शिकवली नाही. फिल्म वाया घालवत शिकलो. तुझी हिरवी साडी आणि मागची निळी भिंत कृष्णधवलात एकाच राखाडीत मिसळणार, हे मला बघताक्षणी कळलं. म्हणून मागे काळं घोंगडं टांगलं आणि खिडकीच्या समोर पांढरी चादर ताणली, पलीकडच्या गालावरची सावली जरा उजळावी म्हणून. तू दारातच उभी. "सगळे रंगीत काढतात. मला एकटीलाच काळापांढरा का रे?"

"चेहरा उठून दिसतो."

"आणि मागं सगळं मोकळं? हाराला जागा का?" मी हसलो. तू नाही. "डॉक्टर काय म्हणाले तुला?"

"मी भेटलोच नाही त्यांना. तुझी शपथ."

भाजीवाल्याच्या तराजूकडे बघायचीस तशी माझ्याकडे बघत राहिलीस. मग घोंगडं ओढून काढलंस. "मागच्या फळीवरचे डबे दिसू देत. माझं घर आहे, कळू दे की लोकांना!" मी चिडलो, पण स्टूल भिंतीपासून चांगलं पुढे ओढलं, म्हणजे डबे पुसट होतील. शेजारच्या अक्का दारातून कानडीत तुला जरा हसायला सांगतायत, "अम्मा, स्वल्प नगी!" आणि तू सरळ भिंगात बघतेस.

तेराव्यानंतर अक्कांनी सांगितलं. डॉक्टरांकडे त्याच तुझ्याबरोबर गेल्या होत्या, फोटोच्या कितीतरी आधी. तुला सगळं ठाऊक होतं. म्हणजे ती उलटतपासणी मला काही कळलेलं नाही ना, याची होती. खात्री पटली तशी निवांत बसलीस. चेहऱ्यावरचा उजेड वाचतो म्हणणारा मी, मला वाटलं तू माझ्यावर संशय घेतेयस! आणि फोटोच्या आदल्या दिवशी जेवताना म्हणालीस, "झाडांचेच फोटो निघतात होय रे तुझ्या कॅमेऱ्यातून?" तो मी टोमणा समजलो होतो. आता वाटतं, फोटो मी काढला की तू काढून घेतलास?

तो समोरच्या भिंतीवर आहे. उजेड उत्तम आहे, हे मीच म्हणतो. सणावारी बायको हार घेऊन येते आणि मी तिला थांबवतो. सांगतो, ओल्या फुलांचे काचेवर डाग पडतात. तिला ते खरं वाटत नाही. खरं नाहीच ते. हार घातला की मागचे डबे झाकले जातात.