टाकी घातलेला उतार

सोम. ३ फेब्रुवारी १९८६, वालूर
वाचनालयाच्या पायऱ्यांवर एका कडेनं उतार बांधून झाला, माझ्या चाकाच्या खुर्चीसाठी. चिटणीस देशमुखकाका स्वतः घरी येऊन सांगून गेले. दुपारची पुस्तकं द्यायची-घ्यायची नोकरी माझी, अट एकच. "कुसुम, तुजी तू वर चढलीस, तुजी तू उतरलीस, तर बस खुशाल. रोज कुणी उचलून न्यायचं, हे काय खरं न्हाई." अट मान्य. बरंच वाटलं उलट. दादाच्या हातांवर बसून साऱ्या गावासमोरून जायचं म्हणजे... जाऊ दे.

गुरु. ६
उतार पाहिला. रहीम मिस्त्रींनी वर लाल रंग देऊन असा घोटलाय की आमच्या देवघराची फरशी लाजेल. "देखो ताई, आईना कर दिया." खरंच तोंड दिसत होतं. कौतुक केलं, खुर्ची घातली. अर्ध्यात चाकं घसरली आणि गेले तशी मागं आले. दादानं पाठीमागून धरलं म्हणून वाचले. मिस्त्रींचा चेहरा पडला. म्हणाले, "दुसऱ्याचं काम असतं तर खडबडीत सोडलं असतं. तुमचं म्हनून लय जीव लावून घोटलं." आता रागवायचं कुणावर? तिथं हसले. घरी येऊन रडले.

शनि. ८
सल्ल्यांना तोटा नाही. काका म्हणतात पोतं अंथरू. पोतं चाकात जाणार. शेजारी म्हणतात वाळू टाका. दादा म्हणतो, "मी हाय की उचलायला." हाच तर घोळ. पण त्याचा जीव आहे माझ्यावर. वहिनीनं न मागता दुसरा चहा दिला.

मंगळ. ११
गल्लीत टाकीवाली दुर्गाबाई आली. वहिनीच्या पाट्यावर मिरची नुसती सरकते, वाटलीच जात नाही. बाईनं छिन्नीनं टक् टक् टाकी घालत पाटा खरखरीत करून दिला. मी बघत बसलेली. एकदम तोंडून गेलं, "मावशी, वाचनालयाच्या उताराला घालशील का टाकी?"
"सिमिट हाय न्हवं? फुटलं तर मला बोलायचं न्हाई."
बोललेच तर एकटे मिस्त्री बोलतील.

बुध. १२
टाकी घालणं झालं. मिस्त्री आधी पाठ फिरवून उभे, आपला आईना फुटायलाय तो बघवेना. मग राहवलं नाही, शेजारी जाऊन बसले. "हळू मार गं बाई, कडा उडायलीय." ती म्हणाली, "तुमी घोटायचं, आमी खरडायचं. गप बसा." दुपारनंतर दोघांत तंबाखूची देवघेव. लाल उतारावर सगळे करडे ठिपके. देवी आल्यासारखा दिसतोय. मला लय आवडला.

शुक्र. १४
चढले. एकटी. दंड भरून आले, पण चढले. लहानपणी पाय गेले तेव्हापासून अशी कुठं वर गेलेली आठवत नाही.
उतरताना दादाच्या हातांनी सवयीनं खुर्ची धरली. काकांनी पाहिलं. "अर्धं काम झालं. सोमवारी एक दिवस बसून बघ." गोड बोलतात, पण अट सोडत नाहीत.

सोम. १७
हे वरून लिहितेय, टेबलावरून. दिवस झकास गेला. शाळेच्या पोरी गोष्टीची पुस्तकं घेऊन गेल्या, एका आजोबांनी वर्तमानपत्रावरच डुलकी काढली. मी उगीच दोनदा रजिस्टर पुसलं.
आता बंद करायची वेळ. खाली काका चहाच्या बाकावर, वाचत असल्याचं दाखवतायत. दादाला सांगितलंय, समोर उभा राहा, हात पाठीमागं. वरून बघितलं की उतार भलताच उभा वाटतो. भीती वाटतेय, खोटं कशाला लिहू. पाठमोरी उतरणार, चाकं दोन्ही हातांनी दाबत.
किल्ली आजच्यापुरती माझ्याकडे दिलीय. उद्या कुणाकडे, ते खाली पोचल्यावर.