भेगेऐवजी पाववाला

सोमवार, सायंकाळ

आजची ग्रामसभा मीच अर्ज करून मागितली होती. वरच्या वाडीमागे डोंगराला पडलेली भेग आता वीतभर रुंद झाली आहे आणि तिच्याखाली अठरा घरे आहेत. भेगेवर मात्र चर्चा झालीच नाही. निवडणूक तोंडावर असताना हे आपोआप घडते काय? सरपंचांनी मोबाईल उंच धरून एक संदेश ऐकवला: फेरीवाले मुले पळवतात, सव गावच्या झऱ्यात विष टाकतात. झाले! नाते गावचा इब्राहिम पाववाला नेमका दाराशी सायकल घेऊन उभा होता.

वाडीतली सखूबाई तेवढी उठली. "अवो, वीस वर्सा त्याचा पाव खातो आमी, कोन मेला नाय! डोंगराचा काय ता बोला." लोक हसले.

फेरीवाल्यांना बंदीचा ठराव झाला. "गुरुजी, तुमच्यासारखा शुद्ध आमाला जमनार नाय," असे म्हणत सरपंचांनी वही पुढे सरकवली. मी लिहिला. निर्दोष लिहिला, खाली सही केली. इब्राहिम सायकल वळवून निघून गेला. वीतभर भेग वहीत आलीच नाही. मी भ्यालो, की स्तुतीला भुललो? बहुधा दोन्ही.

उद्या ग्रामपंचायतीत लेखी हरकत देणार: ठराव अन्यायाचा आहे, तो मीच लिहिला, माझी सही मागे घेतो. मग सखूबाईला घेऊन भेग मोजणार आणि ते माप महाडला तहसीलदारांपुढे ठेवणार. यांत सर्वांत अवघड काम इब्राहिमच्या दारी उभे राहण्याचे आहे. तेव्हा उजाडताच आधी तेथे जाईन.