एदमोंच्या नावाचा क्रूस

केर्गादू, बेटावरून
ता. ४ फेब्रुवारी १९१२

चि. गेनोले यास आजीचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. तुला एक आजी होती, आठवते का? बुटकी, डोक्याला काळा रुमाल, तुझा शेंबूड पुसून पुसून जिच्या एप्रनचं टोक विरलं, ती. अजून आहे. सप्टेंबरात बोटीवर चढताना तू म्हणालास, पोचल्यावर लगेच पत्र टाकतो. पॅरिस एवढं लांब असेल असं वाटलं नव्हतं. पाच महिने झाले, तू अजून पोचलाच नाहीस.

हे पत्र शाळेच्या रिवोआल बाई लिहितायत. मी बोलेन तेच लिहायचं, सुधारायचं नाही, असं त्यांना बजावलंय. मघाशी शेंबडापाशी अडल्याच होत्या.

इकडचं म्हणशील तर काळ्या मेंढीला दोन कोकरं झाली. वाऱ्यानं कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर नेलं, ते फिलो म्हातारीच्या अंगणात पडलं, आणि ती म्हणते आता ते तिचं. शेजारच्या कातेलचा नवरा जोस पुन्हा मोठ्या गलबतावर गेला, दक्षिण अमेरिकेला. ती दिवसभर बटाट्याच्या शेतात असते आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसते.

तुझ्या बुडालेल्या मित्राची, एदमों व्हासेरची, आठवण निघते. रिवोआल बाई पडल्या मुख्य भूमीच्या, त्यांना आपली रीत ठाऊक नाही, म्हणून त्यांना सांगितलं. तूही ऐक, विसरला असशील. ज्याला समुद्रानं परत दिलं नाही, त्याच्या नावाचा वीतभर मेणाचा क्रूस करायचा, पांढऱ्या कापडावर टेबलावर ठेवायचा, आणि प्रेत घरात असल्यासारखी रात्र जागवायची. सकाळी तो चर्चमधल्या पेटीत. आणि मध्यरात्री सुरात ‘हाक’ म्हणायची. ती बेटावर आता मला एकटीलाच येते, सासूकडून आली. त्या माणसाला तीनदा नावानं घरी बोलवायचं. टेबलावर क्रूस नसेल तर ओठसुद्धा हलवायचे नाहीत. जिवंत माणसाचं नाव घेतलं तर ते समुद्र ऐकून ठेवतो.

तुझ्या आज्यासाठी म्हटली, तुझ्या बापासाठी म्हटली, बेटावरच्या किती जणांसाठी म्हटली. परक्यासाठी, तुझ्या एदमोंसाठी, ती पहिलीच वेळ. पण तू म्हणालास, बिचाऱ्याची आई म्हातारी, पॅरिसमध्ये असं काही करत नाहीत, आणि तुझे डोळे असे काही भरून आले की मी चौदा बायकांना घरी बोलावलं. तू कोपऱ्यात बसून त्याच्या आईला पत्र लिहीत होतास, ते तिला पोचलं का? तिला जरा बरं वाटलं का? तेवढं कळव. मग मी तुला विसरायला मोकळी.

तुझी, तू विसरलास तरी तुझीच,
आजी सोआझ


पॅरिस
ता. १९ फेब्रुवारी १९१२

ती. आजीस, तिच्या नाठाळ नातवाचा सा. न. वि. वि.

आजी, शिव्या पोचल्या. कान धरतो. पण ऐकशील तर रागावणार नाहीस. गेले पाच महिने मी रात्रंदिवस एका रचनेवर काम करत होतो. तुझा नातू आजवर दुसऱ्यांच्या नाटकांसाठी वाजवून पोट भरत होता हे तुला ठाऊक आहे. पण गेल्या आठवड्यात इथल्या मोठ्या सभागृहात साठ वादकांनी माझं संगीत वाजवलं! ‘बेटावरची रात्र’ असं नाव ठेवलंय. लोक उभे राहिले, आजी. एक जाडजूड बाई हुंदके देत होती, तिच्या नवऱ्याला तिला धरून बाहेर न्यावं लागलं. संगीताच्या वह्या छापणारा माणूस दुसऱ्याच दिवशी दारात हजर.

वर्तमानपत्रातलं कात्रण सोबत आहे. माझं चित्रही छापलंय. नाक जरा मोठं आलंय, पण ते आज्याचं, त्याला चित्रकार काय करणार! रिवोआल बाईंना सांग, चित्र दाखवा. बाकीचा मजकूर कंटाळवाणा आहे, तो वाचायचा त्रास त्यांनी घेऊ नये.

एदमोंची आई बरी आहे. तुझी आठवण काढते.

कोकरांना माझ्याकडून कुरवाळ. उन्हाळ्यात येतोच.

तुझ्या मायेचा हक्कदार,
गेनोले


केर्गादू
ता. ३ मार्च १९१२

गेनोले यास,

चित्र पाहिलं. नाक आज्याचंच. तोंड कुणाचं ते कळेना.

रिवोआल बाईंना त्रास घ्यायची सवय आहे. शाळामास्तरीणच ती, अर्धवट वाचून सोडणं तिला जमत नाही. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, आणि मी ऐकलं, कारण नातवाचं कौतुक किती ऐकलं तरी कमीच. बेटावरच्या जागरणातली काळजाला हात घालणारी धून, असं लिहिलंय. ती धून मोठ्या व्हायोलिनवर एकट्या माणसानं वाजवली असं लिहिलंय. आणि तो माणूस कोण, तर म्हणे एदमों व्हासेर.

बाईंना म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला.

आमच्याकडे बुडालेली माणसं वाजवत नाहीत, गेनोले. पॅरिसमध्ये वाजवत असतील तर सांग.

त्या रात्री तू वहीत खरडत होतास. लिहिता न येणाऱ्या बाईला सगळं खरडणं सारखंच दिसतं. मला वाटलं पत्र. मी तर मध्येच थांबून तुझ्यापुढे मेणबत्ती सरकवली होती, पोराला नीट दिसावं म्हणून. तू मान वर न करता मला म्हणालास, दुसरं कडवं पुन्हा म्हण आजी, त्याच्या आईसाठी. आणि मी म्हटलं. सकाळी तो क्रूस तुझ्याच हातानं चर्चमध्ये नेलास. वाटेत टोपी काढून उभ्या राहिलेल्या माणसांना तू मान लववत होतास.

खरं काय ते लिही. एकाच पानात लिही. खऱ्याला जास्त जागा लागत नाही.

आजी सोआझ


पॅरिस
ता. १२ मार्च १९१२

ती. आजीच्या पायांवर डोकं ठेवून,

खरं हेच की एदमों जिवंत आहे आणि माझा मित्र आहे. त्याला यातलं काही माहीत नव्हतं, काल सांगितलं.

आजी, मी सहा वर्षांचा होतो. बाबांच्या क्रुसाच्या रात्री तुम्ही मला कपाटासारख्या बंद पलंगात घालून दार लावून घेतलंत, आणि फळीच्या फटीतून मी ती हाक ऐकली. तेव्हापासून जे काही लिहिलं ते त्या धुनेपर्यंत पोचण्यासाठी. पण आठवायला गेलं की निसटायची. तुला तीन उन्हाळे विनवलं. तू दरवेळी म्हणालीस, टेबलावर क्रूस नाही. मग माझ्याकडून क्रूस केला गेला. तुला नाव हवं होतं, नावाशिवाय ती म्हणता येत नाही. मला ती धून ज्याच्या वाद्यावर ऐकू येत होती, त्याचंच नाव तोंडात आलं.

माझी बाजू एवढीच: तू सत्त्याहत्तर वर्षांची आहेस. तुझ्यानंतर ती कुणाला येत नाही. मी ती चोरली म्हण, पण ती आता मरणार नाही. पुढच्या छपाईत तुझं नाव घालायला सांगतो, पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात.

मारायचं असेल तर मार, पण पत्र बंद करू नकोस.

क्षमेचा भुकेला,
गेनोले


पॅरिस
ता. २० मार्च १९१२

श्रीमती सोआझ मालगोर्न यांस एका अनोळखी माणसाचा आदरपूर्वक नमस्कार.

मी एदमों व्हासेर. आपण माझी रात्र जागवलीत, म्हणून अनोळखी म्हणणंही बरोबर नाही.

गेनोलेनं सांगितलं तेव्हा पहिल्यांदा मी हसलो. माझ्याच मयताला मला आमंत्रण नाही, म्हटलं. बायको हसली नाही. मग माझंही हसू गेलं. मी उत्तरेकडच्या खाणीच्या गावचा. माझे वडील खाली गाडले गेले, वर आले नाहीत. आई बारा वर्षं त्यांचं ताट वाढत होती, कारण तिला कुणी पुरायला काही दिलं नाही. तिच्या टेबलावर असा वीतभर क्रूस कुणी ठेवला असता तर कदाचित ती ते ताट उचलू शकली असती. जी गोष्ट तिला मिळाली नाही ती मला फुकट मिळाली, आणि खोटी मिळाली.

ती धून मी चार वेळा वाजवली. आता वाजवणार नाही असं कळवलंय. पण आपल्या चर्चच्या पेटीत माझं नाव आहे, त्याचं काय करावं हे मला कळत नाही. आपण सांगाल ते करीन. आणि एक सांगतो, माझी आई केव्हाच गेली, तिला आपली कधी आठवण काढता आली नाही. गेनोलेनं लिहिलं तेही खोटंच होतं.

आपला, आणि अजून जिवंत,
एदमों व्हासेर


केर्गादू
ता. ५ मे १९१२

गेनोले यास,

तुझी चार पत्रं आली. बाईंनी वाचली. उत्तर दिलं नाही कारण द्यायला काही नव्हतं. आता आहे.

ईस्टरनंतरच्या बोटीनं कातेलच्या जोसची बातमी आली. वादळात डोलकाठीवरून गेला. सापडला नाही. माझ्या दारापासून तिचं दार चाळीस पावलं. रात्री तिच्याकडे दिवे लागले, चौदाच्या चौदा बायका माझ्या खिडकीवरून गेल्या. मी रुमाल बांधून, चपला घालून बसले होते. कुणी बोलवायला आलं नाही. रात्रभर नुसती जपमाळ चालली, ती मी माझ्या घरातून ऐकली. आणि जोस बिनहाकेचा गेला. लग्नात त्याला मीच नाचवलं होतं.

बायकांना सगळं ठाऊक होतं, मीच सांगितलं होतं. माझ्या शब्दावर त्या जागल्या, तर माझ्याच तोंडून कळायला हवं होतं. पाद्रीबाबांनी एदमोंचा क्रूस पेटीतून काढायला हात लावला नाही. म्हणाले, घालायची रीत आहे, काढायची नाही.

दुसऱ्या दिवशी कातेल आली. म्हणाली, आजी, तुमच्यावर राग नाही, पण ज्या तोंडानं खोट्याला बोलावलं त्याच तोंडानं माझ्या माणसाला कसं बोलवू देऊ? समुद्राला वाटेल हाही तसलाच. तिच्यापुढे मला बोलता आलं नाही. मी, गेनोले! मला बोलता आलं नाही!

तू लिहितोस, हाक आता मरणार नाही. ती माझ्या तोंडात मेली ती कुणामुळे? माझं नाव मोठ्या अक्षरात छापणार म्हणतोस. मला अक्षर येत नाही. मला इथे बारा घरांत ओळखतात, तेवढं नाव पुरत होतं, आणि ते तू खर्च केलंस. छापलेलं परत मागत नाही. एदमोंला मी विचारलं, हाकेत नाव येतं तिथे तुझी साठ माणसं काय करतात. त्यानं कळवलं, तिथे सगळे थांबतात. म्हणजे कुठेतरी तुला लाज होती. ती जप, बाकी काही तुझ्याकडे आमचं राहिलेलं नाही.

तोड काढली ती फिलो म्हातारीनं, छप्परचोरटीनं. धुण्याच्या दगडावर सगळ्या जमल्या होत्या, मी लांब बसले होते. ती ओरडून म्हणाली, अगं, त्या माणसाला तीनदा घरी बोलावलंय ना आपण? मग येऊ दे की! बोलावलेला घरी आला म्हणजे झालं. बायका आधी हसल्या. मग कुणी हसेना. कातेल म्हणाली, तो तिच्या डोळ्यांसमोर माझ्या दारातून आत आला, बसून जेवला, आणि आपला क्रूस आपल्या हातानं घेऊन गेला, तर ती जोसच्या नावाचा नवा क्रूस टेबलावर मांडील, आणि मी म्हणायची. एक अट घातली: मला म्हणताना ती शेजारी बसणार आणि शिकणार. मी हो म्हटलं. सून जगली असती तर तिला शिकवली असती, मुलगी असती तर तिला. तुला दाराआडून मिळाली, तेवढ्यावर तू थांबायला हवं होतंस.

एदमोंचं उत्तर आलं. पेंटेकॉस्टच्या सणाच्या आदल्या शनिवारी बायकोला घेऊन येतोय, वाद्य न आणता. पाद्रीबाबाही म्हणाले, ज्याचं आहे त्यानं मागितलं तर द्यायला रीत लागत नाही.

तू येऊ नकोस. तुझ्या बापाच्या घराचं दार तुला बंद केलं असं मी बाईंना लिहू देणार नाही, आणि उघडं आहे असंही नाही. कातेल हाक शिकेल तेव्हा तिला विचार. मालकीण आता ती.

तब्येतीला जप. रागातही हे लिहावं लागतं, म्हातारपणाची खोड.

आजी सोआझ

ता. क. अठरा माणसांचं जेवण आहे. मेंढी आपल्या रीतीनं, पेटत्या गवताळ ढेकळांखाली मी शिजवीन, लोणी कातेलचं. दुधा-अंड्यांचा गोड केक, आपला ‘फार’, करायचा तर बेटावर आलुबुखार नाहीत. चार पौंड सुके आलुबुखार पाठव, बियांसकट, शनिवारच्या बोटीआधी ब्रेस्त बंदरात पोचतील असे. पुडक्यावर तुझं नाव घालू नकोस. बायका खाणार नाहीत.