खोक्यातली फणी

भोईवाडा, परळ
१२ डिसेंबर

प्रिय आई,

तुला आणि घरच्या सगळ्यांना आम्हा मायलेकींचा नमस्कार. फोनवर बोलताना अँड्रिया शेजारी बसून सगळं ऐकते, म्हणून गावी येणाऱ्या वेनमामाच्या हाती ही चिठ्ठी देते.

आमची काळजी करू नकोस. धर्मशाळेतली खोली स्वच्छ आहे, जेवणही बरं असतं. तुझा गुडघा कसा आहे?

चर्चतर्फे मुलांना वाटायची नाताळची खोकी भरायला बसलात का? यंदा ती हॉस्पिटलातल्या मुलांना जाणार, असं चर्चमधली ग्रेसी फोनवर म्हणाली. मग मुलींच्या खोक्यांत फणी नि रिबिनी घालू नका. दरवर्षी आपण घालतो, रंग अँड्रियाच निवडायची. काल इथे कुठल्याशा चर्चची माणसं खोकी वाटून गेली, त्यात हिला गुलाबी फणी निघाली. इथे राहणाऱ्या एकाही आजारी मुलीच्या डोक्यावर केस नाहीत, आई. त्यांना तरी काय बोलायचं, आपणही तेच केलं असतं. मऊ टोप्या घाला.

अँड्रिया रडली नाही. फणी तिने उशीखाली ठेवलीय. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी औषध बंद केलं, तेव्हापासून डोक्यावर बारीक लव आलीय. आपण बरे होतोय म्हणून केस येतायत, असं तिला वाटतं. सारखी हात फिरवून बघते.

नाताळला आम्ही घरी येतोय. डॉक्टरच म्हणाले, घरी न्या. का, ते तिच्यासमोर कुणी विचारू नका.

तिचा निरोप आहे, आजीने वेणी घालायला लाल रिबीन आणून ठेवावी. आणून ठेव, आई.

तुझी,
नॅन्सी