चाकांची वाटणी

४ फेब्रुवारी

चि. बेबीस, अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीस, ते आहेत. मोठी बातमी अशी की अण्णांच्या गाडीचं इंजिन काल सुरू झालं. एकवीस वर्षांनी. तुझी वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली आणि काही जळतंय का एवढं विचारून परत गेली. या घरात कौतुक म्हणायचं ते तेवढंच.

आता राहिली चाकं. गाडी अजून विटांवर उभी आहे. जुन्या बाजारातून एक संच आणला, तर बोल्टांची भोकं जुळेनात. दुसरा आणला, तो बसला, पण ब्रेकच्या ड्रमला घासायला लागला. टायरचं तर विचारूच नकोस. आपलं माप पाच-नव्वद पंधरा. दुकानदार म्हणाला, त्या मापाचे शेवटचे चार गेल्या वर्षी कोणी एक चक्रम माणूस घेऊन गेला. वर मला ट्रॉलीचे टायर दाखवायला लागला.

माझं लायसन्स तीस एप्रिलला संपतं. पुढचा दाखला देणार नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय. त्याआधी एकदा, फक्त एकदा, अण्णांच्या जागी बसून ती गाडी फाटकाबाहेर न्यायची आहे. तुमच्याकडे भंगारवाले बरेच आहेत, जरा चौकशी कर. मूळ चाकं कुणाकडे आहेत ते मला ठाऊक आहे, ते सांगायला नको. त्या गृहस्थाचं नाव या घरात निघत नाही.

लोभ आहे तेवढा राहू दे, पत्रं मात्र वाढव.

तुझा दादा


१३ फेब्रुवारी

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

इंजिनाचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. पुढे चाकांचं वाचलं आणि त्याच पाण्यात हसू आलं. अरे, वाटणीच्या दिवशी मीही त्या खोलीत होते. अण्णांना जाऊन महिना झाला नव्हता. भांडी, कपाटं, जमीन सगळं सुरळीत पार पडलं आणि तुम्ही दोघे भाऊ गाडीपाशी अडलात. तू म्हणालास, थोरला मी. तो म्हणाला, रोज धुतली मी. शेवटी मामा वैतागले आणि त्यांनी कागदावर लिहून टाकलं की गाडी थोरल्याची, चाकं धाकट्याची. दोन दिवसांत दोघांना हसू येईल, असं त्यांना वाटलं. मामांनी तुम्हाला ओळखलंच नव्हतं. त्यानं लगेच जॅक लावला आणि तू खालून एकेक वीट सरकवलीस. इतकं एकजुटीनं काम तुम्ही त्याआधी कधी केलं नव्हतं, नंतर तर नाहीच.

भंगारवाल्यांकडे जाऊन येते. पण त्या गृहस्थाला एक कार्ड टाकलंस तर तुझं काय बिघडेल, तेही कळव. वहिनीला नमस्कार.

तुमची बहीण असल्याचा अधूनमधून पस्तावा होणारी,
बेबी


२४ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझ्याकडे एक खाजगी काम आहे. अण्णांच्या गाडीची चाकं माझ्याकडे उत्तम आहेत. दरवर्षी ग्रीस लावतो आणि गोणपाटात बांधून पलंगाखाली ठेवतो. गेल्या वर्षी त्यांना नवे टायरही घातले. त्या मापाचे शेवटचे चार होते, दुकानदार माझ्याकडे वेड्यासारखा बघत होता. आता फक्त गाडी हवी. त्या जातीची एखादी मोडकी गाडी तुमच्याकडे विकायला असली तर कळव. चाकं नसली तरी चालेल. तुझी भावजय म्हणते, घरात चार चाकं असून आपण कुठेच जात नाही.

दादाची गाडी मागायची नाही. त्या दिवशी पहिलं चाक काढण्याआधी मी बराच वेळ नुसता जॅक धरून बसलो होतो. तो एकदा 'राहू दे' म्हणेल असं वाटलं होतं. त्यानं वीट पुढे केली. ते मला अजून लागतं.

तुझ्या लोभावरच चाललंय, तो आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा


३ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

तुझं आणि दादाचं पत्र शेजारी शेजारी ठेवून वाचलं. तो गाडीसाठी चाकं शोधतोय आणि तू चाकांसाठी गाडी. परक्याच्या घरातलं असतं तर मी पोट धरून हसले असते.

आता नीट ऐक. दादाचे डोळे गेलेत. तीस एप्रिलनंतर त्याला गाडी चालवता येणार नाही, आणि अण्णांच्या जागी एकदा बसायचं एवढंच त्याच्या मनात आहे. तुला कार्ड टाकायला तो मरेपर्यंत तयार होणार नाही, आणि तू त्याच आईचा. म्हणून चाकं टेम्पोत घालून माझ्याकडे पाठव. भंगारात मिळाली असं मी त्याला लिहीन. खोटं बोलायचं काम तुम्ही मला लहानपणापासूनच दिलेलं आहे.

लोभ चाकांसोबत आला तरी चालेल.

ताई


१८ एप्रिल

चि. बेबीस, अ. उ. आ.

चाकं पोचली. तुझा भंगारवाला फारच भला माणूस दिसतो. नवे टायर घालून, ग्रीस लावून भंगार विकतो. शिवाय प्रत्येक चाकावर 'पुढचं डावं', 'मागचं उजवं' असं रंगानं लिहून देतो. त्या अक्षराचं वळण मी ओळखतो, पाटीवर मीच गिरवून घेतलंय.

तीन चाकं बसली. चौथं बसत नाही. खूप खटपट केली. ज्यानं काढलं होतं त्याला विचार. हे पत्रानं समजणारं काम नाही, प्रत्यक्ष यावं लागेल. किती दिवस लागतील सांगता येत नाही, तेव्हा कपडे जास्त आणावेत. मी बोलावतोय असं लिहू नकोस. चाक बसत नाही, एवढंच लिही.

लोभ तुझा, खोटेपणाही तुझाच. दोन्ही पावले.

दादा


२ मे

ती. ताईस, सा. न. वि. वि.

अठ्ठावीसला पोचलो. दादानं दार उघडलं आणि 'ये'सुद्धा न म्हणता हातात पाना दिला. चौथं चाक गोणपाटातच होतं, सुतळीची गाठ मी मारलेली तशीच. पाच मिनिटांत बसलं. काल बसत नव्हतं, असं दादा म्हणाला. मीही म्हटलं, होतं असं कधीकधी.

तीस तारखेला गाडी काढली. दादा अण्णांच्या जागी बसला, मी शेजारी. फाटकापर्यंत आणली आणि तिथेच थांबवली. म्हणाला, फाटकाचे खांब मला चार दिसतायत, तू बस. मी नको नको म्हटलं, पण तो उतरलाच. त्याची नजर इतकी गेली असेल असं वाटलं नव्हतं गं, फार वाईट वाटलं. मग मी चालवली, चांगली तळ्यापर्यंत जाऊन आलो. सबंध वाटेत तो माझ्या गिअर बदलण्याला नावं ठेवत होता. मी अजून इथेच आहे.

आमच्या दोघांवर एकदमच लोभ कर, टपाल वाचेल.

तुझा धाकटा

ता. क. पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून दोन ओळी. खांब मला दोनच दिसत होते. त्याला कळवू नकोस. — दादा