साठ शब्द

३ मार्च, सोमवार

साठ शब्द! मी कोण, हे साठ शब्दांत, आणि तेही बुधवारपर्यंत! संपादक श्रेयाचा फोन — "सीमाताई, नऊ कथाकार, नऊ वेगवेगळ्या नोकऱ्या, हीच तर आपल्या पुस्तकाची गंमत!" एक भूलतज्ज्ञ, एक माझगाव गोदीतला वेल्डर, एक फौजदारी वकील. आणि मी परळच्या हॉस्पिटलात ईसीजी काढणारी. दिवसभर लोकांच्या छातीला वाट्या चिकटवते आणि म्हणते, हलू नका, बोलू नका. यात गंमत कसली, देव जाणे.

आज एका आजोबांच्या वाट्या उलटसुलट लावल्या. पुन्हा काढावा लागला. डोक्यात परिचयच.

५ मार्च

पाठवला एकदाचा! पाच वेळा खोडला. शिक्षण, नोकरी, लालबाग. मग वाटलं, अप्पा आणि आई यायलाच हवेत. 'वडील गिरणीत बदली, आई खानावळ चालवायची.' शब्द साठाच्या वर जायला लागले म्हणून 'गिरणीत' काढला. लालबाग म्हटल्यावर बदली म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही कळतं.

११ मार्च

श्रेयाचं उत्तर नाही. दर दहा मिनिटांनी मोबाइल बघते. आज सिस्टर म्हणाल्या, "काय गं, बोर्डाचा रिझल्ट आहे का तुझा?"

१८ मार्च

पुस्तक आलं. शेवटी नऊ परिचय. माझा फोटो बरा आहे. आणि त्याच्याखाली — 'वडिलांच्या बदलीच्या नोकरीमुळे बालपण अनेक गावांत गेले.'

अनेक गावांत! दहा बाय बाराची खोली सोडून मी राहिले कुठे?

फोन लावला. श्रेया शिवाजी पार्कची, गोड मुलगी. "अहो ताई, बदली म्हणजे ट्रान्सफरच ना? माझ्या बाबांचीही व्हायची, बँकेत होते. वाक्य अर्धवट वाटलं, म्हणून जरा फुलवलं."

तिला काय बोलणार! बदली म्हणजे रोज सकाळी डबा घेऊन गिरणीच्या गेटवर उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कोणी आला नाही तर त्याच्या जागी आत. सगळे आले तर भरलेला डबा घेऊन परत. अप्पांनी बारा वर्षं हे केलं. कायम झालेच नाहीत. मग संप झाला आणि सगळंच संपलं.

श्रेया रडकुंडीला आली. प्रत्येक प्रतीत दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवते म्हणाली. प्रकाशन रविवारी, तेव्हा शुक्रवारपर्यंत कळवा. त्यात कळवायचं काय? चिकटवच! पण तोंडातून निघालं, "सांगते." का, कोण जाणे.

२० मार्च

अप्पांचे डोळे अधू झालेत, पेपरही मीच वाचून दाखवते. सकाळी पुस्तक हातात घेऊन बसले. "वाच गो, तुझ्याबद्दल काय लिवलाहा ता." मी ते एक वाक्य गाळून वाचलं. संध्याकाळी घरी येते तर शेजारचा स्वप्नील त्यांना सगळं वाचून दाखवून मोकळा!

म्हटलं, "छापणाऱ्यांची चूक आहे, अप्पा. चिठ्ठी लावतायत."

"तुका बरा वाटता तर ऱ्हवांदे. चिठ्ठी कित्याक?"

मला बरं वाटतं? मला? असा संताप आला! भांडी आपटली. अप्पा रेडिओ लावून बसले.

२१ मार्च

श्रेयाला कळवलं. चिठ्ठी नको — अप्पांसाठी.

२३ मार्च, रविवार

दादरला प्रकाशन. अप्पा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत. भाषणांत सगळ्यांच्या नोकऱ्यांचं कौतुक झालं. मग चहाच्या वेळी एका निवृत्त साहेबांनी अप्पांना गाठलं. "आमचंही आयुष्य बदल्यांत गेलं हो. तुमची कुठे कुठे झाली?"

मी हातातला वडा बशीत परत ठेवला.

अप्पा म्हणाले, "खंय नाय. एकाच गेटार उभो होतंय. बारा वर्सां."

साहेबांना कळेना. मग अप्पांनी नीट समजावलं — गेट, डबा, हजेरीचं कार्ड. चांगली दहा मिनिटं. आवाज खणखणीत. आजूबाजूचे चार जणही ऐकायला थांबले. मी शेजारीच उभी. हलले नाही, बोलले नाही.

२४ मार्च

पाच तारखेचा मेल उघडून शब्द मोजले. सत्तावन्न.

'गिरणीत' बसत होता.