दहावी सुई

कुरुंदवाड,
१० मार्च १९८५

प्रिय शालन,

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून तू आधी पाकीट उलटंसुलटं करशील आणि मग पाठवणाऱ्याचं नाव बघून बाजूला ठेवून देशील, असं मला वाटतं. ठेवू नकोस. माझ्याविषयी तुझं काय मत झालं असेल ते मला ठाऊक आहे आणि त्यात फारशी चूक नाही. पण हे पत्र माझ्यासाठी नाही, कृष्णातविषयी आहे. तुझा भाऊ कसा गेला हे आपल्याला माहीत आहे असं तू समजतेस. शालन, तुला ते माहीत नाही. तुमच्या घरात कुणालाच नाही.

काल सयाजी आला होता. तुमच्या गल्लीतला हा सयाजी आमच्या तालुक्यात मास्तर झालाय, आणि इकडे आला की डोकावतो. चहा पिता पिता त्यानं तुमच्याकडची एक गोष्ट सांगितली. ती शेवटी लिहितो. आधी लिहिली तर बाकीचं लिहायचा धीर राहणार नाही.

आमचं बी.एड.चं वर्ष तुला कृष्णातच्या पत्रांतून पाठच असेल. त्र्याहत्तरचा जून ते चौऱ्याहत्तरचा एप्रिल. एका वर्षात माणसाचा मास्तर करायचा म्हणजे काय हाल असतात ते त्यातून गेलेल्यालाच कळतं. पाठांची टाचणं काढा, तक्ते रंगवा, मंगळवार पेठेतून सायकलवर ते तक्ते सांभाळत दुसऱ्याच्या शाळेत जा, आणि मागच्या बाकावर बसलेले सर वहीत काय खरडतात त्याकडे एक डोळा ठेवून मुलांना शिकवा. कृष्णात शिकवायला उभा राहिला की वर्ग हसायचा आणि शिकायचासुद्धा. मी शिकवायला लागलो की वर्ग नुसता गप्प बसायचा. आमच्यात फरक होता तो हा.

आम्ही माईंकडे राहत होतो. माई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, एकट्या, कडक, आणि त्यांचा जीव की प्राण असलेला त्यांचा कुत्रा, प्रिन्स. पांढरा, केसाळ, मांजरापेक्षा थोडा मोठा. त्याला दूध-पाव, त्याला कंगवा, त्याला थंडीत लोकरीचा अंगरखा, आणि त्याच्याशी बोलायचं ते इंग्रजीत. पुढची खोली मला मिळाली होती ती या प्रिन्सच्या नावावर. दोन वेळा त्याला फिरवून आणायचं, आठवड्यातून एकदा आंघोळ घालायची, आणि साखळी हातातून सोडायची नाही. माझ्या शब्दावर माईंनी कृष्णातलाही ठेवून घेतलं. त्याच्यामागून आठच दिवसांत वस्ताद आला.

वस्ताद म्हणजे गल्लीतल्या तालमीच्या दारात पडून असणारा गावठी कुत्रा. तांबडा, एक कान फाटका, छाती रुंद, चालणं सगळी पेठ आपलीच असल्यासारखं. नाव कृष्णातनंच ठेवलेलं. तो पहाटे गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला जायचा, तेव्हा वस्ताद बरोबर. म्हशीच्या कासेकडे न बघता शहाण्यासारखा रस्त्याच्या कडेला बसायचा. दूधवाला कृष्णातला म्हणायचा, पावणं, तुमचं कुत्रं तुमच्यापरास सुधारल्यालं हाय की. गावाहून एस.टी.नं येणाऱ्या डब्यातली तुझ्या हातची अर्धी भाकरी वस्तादच्या पोटात जायची, हे तुला तेव्हा कुणी सांगितलं नसेल.

या दोघांना समोर बसवून आम्ही पाठांचा सराव करायचो. प्रिन्स पहिल्या बाकावरचा हुशार विद्यार्थी, वस्ताद शेवटच्या बाकावरचा नापास. कृष्णात वस्तादला विचारायचा, सांग की रं, दख्खनचं पठार कशानं झालं? वस्ताद जांभई द्यायचा. मग प्रिन्सकडे वळून, तुमी सांगा सायेब. प्रिन्स मान फिरवायचा आणि माईंच्या पदराआड जाऊन बसायचा. माई आतून हसायच्या, पण आम्हाला दिसू द्यायच्या नाहीत. माझ्या नद्यांच्या तक्त्यावरून वस्ताद ओल्या पायांनी चालत गेला आणि भोगावती भलतीकडेच वाहायला लागली, तेव्हा मी त्याला चप्पल फेकून मारली. कृष्णातनं रातोरात मला नवा तक्ता करून दिला आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

दिवाळीत मी तुमच्या घरी आलो होतो, ते आठवत असेल. परत येताना एस.टी.त कृष्णात मला म्हणाला, शालनला बघून तुझ्या तोंडाला कुलूप लागलतं का गा? मी तिकिटाची घडी घालत राहिलो. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, माझी काय ना न्हाई. तेवढंच. आम्ही तो विषय पुन्हा काढला नाही, पण दोघांनाही तो ठरल्यासारखा वाटत होता.

आता पुढचं. फेब्रुवारीत, पाठांची धांदल ऐन रंगात असताना, मी प्रिन्सला रंकाळ्यावर घेऊन गेलो. एका हातात टाचण, एका हातात साखळी. टाचण पाठ करण्याच्या नादात साखळी कधी सुटली ते कळलं नाही. ओरडणं ऐकून वर बघतो तो एक खरूज झालेलं, लाळ गाळणारं कुत्रं प्रिन्सला खाली पाडून उभं. मी दगड मारला, ते पळालं. प्रिन्सच्या मागच्या पायाला दोन दात लागले होते. घरी आणून मी जखम धुतली, हळद दाबली, वर केस विंचरून ठेवले. केस दाट होते, काही दिसत नव्हतं. माईंना सांगितलं असतं तर त्यांनी त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं असतं आणि मला बहुधा घराबाहेर काढलं असतं. परीक्षेला दोन महिने राहिले होते. मी गप्प बसलो. कृष्णातलासुद्धा बोललो नाही.

मार्चच्या मध्याला प्रिन्स बदलला. कॉटखाली जाऊन बसायचा, हाक मारली की गुरगुरायचा. माई मिरजेला लेकीकडे जायच्या तयारीत होत्या, त्यांना वाटलं, सामान बांधलेलं पाहून रुसलाय. त्या संध्याकाळी वस्ताद अंगणात आला आणि हा एवढासा जीव, जो कायम पदराआड लपायचा, तो त्याच्यावर तुटून पडला. कृष्णात मध्ये पडला. एका हातानं प्रिन्सला उचलत, पायानं वस्तादला ढकलत. हात बाहेर काढला तेव्हा अंगठ्याखाली रक्त होतं. मी पायरीवर उभा होतो, चार हातांवर. मी स्वच्छ पाहिलं. चावला तो प्रिन्स. वस्तादनं तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

झटापटीत कृष्णातला कळलं नाही. त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, कुनी धरलं रं? माई दारात येऊन म्हणत होत्या, त्या गावठी कुत्र्याला आधी हाकला. आणि मी म्हणालो, वस्ताद.

शेजारच्या झुंबरबाईंनी जखमेत तिखट भरलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही थोरल्या दवाखान्यात गेलो. पोटात चौदा सुया, रोज एक. डॉक्टर म्हणाले, कुत्रा बांधून ठेवा, दहा दिवस बघा, धड राहिला तर काळजी नाही. कृष्णातनं वस्तादला अंगणातल्या खांबाला बांधलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, मुद्दाम न्हाई केलं गा त्येनं. ते बांधलेलं कुत्रं मला रोज शेपूट हलवायचं. प्रिन्स माईंबरोबर मिरजेला गेला होता.

नवव्या दिवशी माईंचं कार्ड आलं. माझ्या नावावर. प्रिन्स गेला, ऊन सोसलं नाही, शेवटचे दोन दिवस पाण्याला तोंड लावेना, जवळ जाऊ देईना. मी ते तीन वेळा वाचलं आणि मानसशास्त्राच्या पुस्तकात घातलं. स्वतःला सांगितलं, म्हातारं कुत्रं होतं, ऊन खरंच फार आहे. शालन, मी मूर्ख नव्हतो. मला काय वाटलं होतं ते मला त्याच क्षणी कळलं होतं.

तुझंही पत्र त्याच दिवशी आलं, गावच्या म्हाईच्या जत्रेचं. सगळी भावकी जमणार, बकरी पडणार, दादा तू नाहीस तर मी नैवेद्याला हात लावणार नाही. दहाव्या सुईला डॉक्टर म्हणाले, कुत्रा ठणठणीत आहे, सुया थांबवल्या तरी चालेल, पण मनात शंका असेल तर चौदा पुऱ्या करा. बाहेर येऊन कृष्णातनं तुझं पत्र माझ्या हातात दिलं आणि विचारलं, काय करू, तू सांग. माझ्या डोक्यात ते कार्ड होतं. मी म्हणालो, जा, शालन वाट बघत असेल. स्टँडपर्यंत मी त्याची पिशवी घेऊन गेलो.

पुढचं तुला माहीत आहे, पण दवाखान्यातलं एक तुला माहीत नाही. मे महिन्यात, तो पाण्याला घाबरायला लागल्यावर तुम्ही त्याला आणलंत तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं, तो कुत्रा नक्की जिवंत आहे ना? मग असं कसं झालं? मी वळून आत गेलो. आत कृष्णात मला म्हणाला, वस्ताद कसा हाय? मी सांगितलं, बरा आहे. तिसऱ्या दिवशी तो गेला, आणि त्याच दुपारी गल्लीतल्या माणसांनी वस्तादला काठ्यांनी मारलं. दोन महिने धडधाकट असलेलं कुत्रं पिसाळलेलं कसं असेल, हे मला समजत होतं. मी पायरीवर उभा होतो. मग निकाल लागला, मला पहिला वर्ग मिळाला.

वर्षभरानं तुझ्या वडिलांनी आपल्या लग्नासाठी माणूस पाठवला. मी कारण न देता नाही म्हणालो. तुला वाटलं असेल की मीसुद्धा तुलाच दोष देतो. मला तुझ्यासमोर रोज जेवायला बसता आलं नसतं, एवढंच कारण होतं. तू आवडत नव्हतीस असं एक दिवसही झालं नाही.

सयाजीनं काल सांगितलं ते हे. तुझी आई, धोंडुबाईमावशी, अंथरुणाला खिळल्यात, डॉक्टरांनी चार-आठ दिवसांची मुदत दिलीय. त्यांचं हगणंमुतणं, अंग पुसणं सगळं तू करतेस. पण त्या पेज घेतात ती शेजारणीच्या हातून. तू चमचा पुढे केलास की तोंड फिरवतात आणि म्हणतात, हिनं बलिवलं नसतं तर माझ्या लेकाच्या चौदा सुया झाल्या असत्या. अकरा वर्षं म्हणतायत. सयाजी सहज बोलून गेला, त्याला वाटलं मला ठाऊक असेल. मला ठाऊक नव्हतं, पण ठाऊक करून घ्यायला मी एकदाही आलो नाही. हे पत्र मी त्याच्याच हाती देतोय, उद्या दुपारपर्यंत तो तुमच्या दारात असेल. मंगळवारच्या पहिल्या गाडीनं मीही निघतो, पण माझ्यावर विसंबू नकोस. याआधी दोनदा तुमच्याकडे यायला निघून गारगोटीच्या स्टँडवर उतरून मी त्याच गाडीनं परत आलोय, तिसऱ्यांदाही तसाच परत फिरेन. म्हणून सगळं लिहून दिलं. मावशींजवळ बस आणि हे मोठ्यानं वाच. माझं नाव येईल तिथे थांबू नकोस. त्यांना पटलं नाही तर पुन्हा वाच. आणि मग पेज तू भरव.

तुमचा अपराधी,
माधव